पडद्यावरचं मशीन किती सालचं?

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. विषय मात्र पक्का मेकॅनिकलचा आहे आणि त्यासाठी कुठलंही टेक्स्टबुक उघडावं लागत नाही. रूममेटचा लॅपटॉप पुरतो.

झालं असं, की सबमिशनच्या आठवड्यात आम्ही 'एनसीआयएस' बघत बसलो होतो. २००३ साली सुरू झालेल्या या अमेरिकन मालिकेतला गिब्ज आपल्या तळघरात हाताच्या हत्यारांनी लाकडी बोट बांधत असतो. सगळ्यांना प्रश्न पडतो, की ही बोट तळघरातून बाहेर कशी काढणार? मला मात्र त्याचा रंधा आणि पटाशी दिसत होती. मग छंदच लागला. सुतारकामाचा सीन आला, की पॉज करायचं आणि मागचं मशीन किती सालचं ते ओळखायचं!

पहिला नियम नीट समजून घ्या. नव्या काळाच्या गोष्टीत जुनं मशीन दिसलं तर ती चूक नाही. बिडाचं मशीन सत्तर-ऐंशी वर्षं सहज चालतं. पण जुन्या काळाच्या गोष्टीत नंतरचं मशीन दिसलं, तर प्रॉपवाल्याची विकेट पडली समजा. म्हणून आपण नेहमी एकच प्रश्न विचारायचा, 'हे मशीन लवकरात लवकर कधीचं असू शकतं?'

आता खुणा बघू.

१) पट्टा. रुंद, चपटा पट्टा वर छताकडे जात असेल तर ती लाइन शाफ्टची पद्धत. एकच वाफेचं इंजिन किंवा पाणचक्की, छताखाली एक लांब शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक मशीनला पट्टा. चपट्या पट्ट्याच्या पुलीला मध्ये किंचित फुगवटा असतो. पट्टा नेहमी जास्त व्यासाच्या बाजूला चढतो, म्हणून तो आपोआप मध्यावर राहतो. (टीओएमच्या व्हायव्हात हमखास विचारतात!) पट्टा V आकाराचा असेल तर मशीन, निदान त्याचा ड्राइव्ह, १९१७ नंतरचा, कारण जॉन गेट्सचा व्ही-बेल्ट त्या वर्षीचा. आणि पट्टा वर जाऊन कशालाच जोडलेला नसेल, तर ते मशीन फक्त शोभेला ठेवलंय.

२) नावाची पाटी. जुन्या कंपन्या आपलं नाव थेट बिडाच्या ओतकामातच उठवून टाकत. ग्रँड रॅपिड्सची ऑलिव्हर, मिलवॉकीची डेल्टा ही त्यातली मोठी नावं. डेल्टा १९४५ साली रॉकवेलने घेतली. म्हणजे सुताराच्या मशीनवर 'डेल्टा'सोबत 'रॉकवेल' दिसलं, की ते १९४५ च्या आधीचं नाहीच.

३) मशीनचा प्रकार. आडव्या दांड्यावर मागेपुढे सरकणारी रेडियल आर्म सॉ रेमंड डीवॉल्टने १९२२ साली काढली. टेबल सपाट राहून पातं कलणारी, मोटर पेटीत बंद असलेली डेल्टाची युनिसॉ १९३९ ची. एकाच दांड्यावर लेथ, करवत आणि ड्रिल असलेलं शॉपस्मिथ १९४७ चं.

४) स्क्रू. अधिकच्या चिन्हाचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पसरला. त्याआधीच्या गोष्टीत तो दिसला, की पॉज करून टाळी वाजवा.

५) मोटरची पाटी. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस स्पीड तिथे १८००, इथे १५००. स्लिप वजा जाता तिथल्या पाटीवर साधारण १७२५ दिसेल, आपल्याकडे १४४०. म्हणजे मशीन कुठल्या देशात वापरायला बनलंय, तेही कळतं.

आता एक उदाहरण सोडवू. 'द वॉल्टन्स' ही मालिका १९७२ ते १९८१ अशी चालली. गोष्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका कुटुंबाची, महामंदीत सॉ मिलवर पोट भरणाऱ्यांची. सुरुवात १९३३ ला होते. तिथे चपटा पट्टा? चालेल. व्ही-बेल्ट? चालेल. रेडियल आर्म सॉ? तीही चालेल, अकरा वर्षं झाली होती. युनिसॉ? अजिबात नाही! पण मालिका पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाते, तेव्हा युनिसॉही पास. शॉपस्मिथ मात्र तेव्हाही नापास. याउलट रॉय अंडरहिलच्या 'द वुडराइट्स शॉप'मध्ये (१९७९ पासून) पायाने चालणारा लेथ दिसतो, पण तो कार्यक्रमच जुन्या पद्धती शिकवणारा, तिथे चूक शोधू नका.

इथपर्यंत हा सगळा खेळ होता. मग एक दिवस वर्कशॉपमध्ये कार्पेंट्री सेक्शनच्या मामांना मी मोबाईलवर एक सीन दाखवला. जुनं रंधा मशीन, बिडाचा सुंदर फ्रेम. मी विचारलं, "मामा, किती सालचं असेल?"

मामांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "साल सोड पोरी. याचा गार्ड कुठाय?"

मी पंचवीस वेळा तो सीन पाहिला होता. पट्टा, पाटी, स्क्रू सगळं बघितलं होतं. गार्ड नाही, हे मला दिसलंच नव्हतं.

मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. पहिल्या वर्षापासून आम्ही ती बघतोय, पण विचारायचा धीर कोणाला झाला नव्हता. त्या दिवशी त्यांनीच सांगितलं. तरुणपणी ते एका लाकडाच्या वखारीत होते. तिथल्या रंध्याचा कटर चौकोनी होता. चौकोनी कटर फिरायला दोन टेबलांमध्ये मोठी फट ठेवावी लागते, आणि हात घसरला की सरळ त्या फटीत ओढला जातो. गोल कटरला फट लहान पुरते, म्हणून विसाव्या शतकात चौकोनी कटर मागे पडत गेले. "मशीन म्हातारं होतं, गार्ड काढून ठेवलेला. मालक म्हणायचा, गार्ड असला की काम दिसत नाही," मामा म्हणाले.

म्हणजे सहावी खूण ही, कटर चौकोनी की गोल. साल कळतं, आणि बोटं राहतील की नाही तेही.

मग माझ्या लक्षात आलं, आमच्या वर्कशॉपमधल्या रंध्याला तरी गार्ड कुठे होता? तो स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला निघाला. डेमोच्या वेळी मुलांना नीट दिसावं म्हणून कोणीतरी काढला होता, तो परत बसवायचा राहिला. पडद्यावरही हेच होत असणार, कॅमेऱ्याला काम दिसलं पाहिजे ना! फरक एवढाच, की तिथे 'कट' म्हटलं की मशीन थांबतं. आपल्याकडे २०२५ पर्यंत १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टचं कलम २१ फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगत होतं. परीक्षेत ते आम्ही पाच मार्कांना लिहिलं होतं, आणि त्याच वर्कशॉपमध्ये उघड्या कटरसमोर उभ्या राहून जॉब केले होते.

सरांना सांगितल्यावर त्यांनी त्याच आठवड्यात गार्ड बसवून घेतला. नट आवळायला मामांनी पाना माझ्या हातात दिला.

तेव्हा मित्रांनो, मालिका जरूर बघा, पॉज करा, साल ओळखा, पैजा लावा. पण आधी गार्ड शोधा, मग पाटी वाचा. आणि एकदा आपल्या वर्कशॉपमधली पाटीसुद्धा वाचून या. कितीचा स्पीड लिहिलाय, ते मी मुद्दाम सांगत नाही!