समारंभापुरते घड्याळ : निवडीचा एक अभ्यास

महाविद्यालयात तीन वर्षे काढणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला काही ठरावीक प्रसंग येतात. स्नेहसंमेलन, निरोप समारंभ, पदवीदान, नोकरीची मुलाखत आणि ऐन उन्हाळ्यातली भावंडांची व मित्रांची लग्ने. एरवी आपण वेळ मोबाईलवर पाहतो आणि त्यावाचून काही अडत नाही. परंतु मुलाखतीच्या वेळी समोर तज्ज्ञ बसलेले असताना, किंवा लग्नघरी वडीलधाऱ्यांशी बोलत असताना, खिशातून मोबाईल काढून पाहणे बरे दिसत नाही. अशा वेळी मनगटावर एखादे साधे, नीटनेटके घड्याळ असावे असे वाटते. हे घड्याळ रोज वापरायचे नसते. वर्षातून फार तर दहा-बारा वेळा. मग ते कोणते घ्यावे आणि त्यापायी किती खर्च करावा?

प्रश्न किरकोळ दिसतो. पण त्याला यंत्राची बाजू आहे, पैशाची बाजू आहे आणि आपल्या मराठवाड्यात तर समाजाचीही बाजू आहे. प्रस्तुत लेखात या तिन्ही बाजूंनी त्याचा विचार करावयाचा आहे. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला आणि शिक्षणासाठी नांदेडला राहणारा. त्यामुळे नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईच्या परिसरात घड्याळ विकणाऱ्यांकडे व दुरुस्त करणाऱ्यांकडे बसून जे पाहिले, ऐकले, त्याचाही येथे उपयोग केला आहे.

थोडा पूर्वेतिहास

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मनगटी घड्याळ ही बहुतांशी परदेशातून येणारी वस्तू होती आणि ती मोजक्या लोकांच्याच हातावर दिसे. भारत सरकारने १९५३ साली स्थापन केलेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. १९६१ साली तेथून पहिली घड्याळे बाहेर पडली. पुढे 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर', 'कांचन' ही नावे घरोघरी पोचली. 'जनता' हे चावीचे, १७ ज्वेल्सचे साधे घड्याळ. 'सोना' पातळ आणि सोनेरी. 'कांचन' हे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरून घेणारे. लग्नात जावयाला देण्यासाठी त्याला मोठी मागणी असे.

१९८४ साली टाटा समूह व तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन ही कंपनी स्थापन केली. होसूर येथील तिच्या कारखान्यातून सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली आणि चावीच्या घड्याळांची सद्दी हळूहळू संपली. जानेवारी २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

१९६१ या सालाची आणखी एक आठवण आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा त्याच वर्षीचा. १ जुलै १९६१ पासून तो अमलात आला. देशी घड्याळ आणि हुंडाबंदी एकाच वर्षी जन्मास आली, आणि त्यांपैकी घड्याळ तेवढे गावोगाव पोचले. या गोष्टीचा आपल्या विषयाशी काय संबंध आहे ते लेखाच्या शेवटी पाहू.

यंत्र कोणते असावे?

घड्याळे मुख्यतः तीन प्रकारची असतात : चावीचे, ऑटोमॅटिक आणि क्वार्ट्झ. चावीच्या घड्याळात गुंडाळलेली स्प्रिंग हळूहळू उलगडते आणि तिच्या जोरावर चाके फिरतात. ऑटोमॅटिकमध्ये तीच स्प्रिंग आत फिरणाऱ्या वजनामुळे गुंडाळली जाते. क्वार्ट्झमध्ये सेलच्या विजेवर गारगोटीचा एक सूक्ष्म स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो व त्या कंपनांवरून सेकंद मोजला जातो. जपानच्या सेको कंपनीने असे पहिले मनगटी घड्याळ डिसेंबर १९६९ मध्ये विक्रीस आणले.

अचूकतेत क्वार्ट्झचा हात कोणी धरू शकत नाही. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकते. चावीचे साधे घड्याळ तितके एका दिवसात चुकू शकते. परंतु ज्याला घड्याळ वर्षातून दहा दिवसच घालावयाचे आहे, त्याने अचूकतेइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. ती म्हणजे, उरलेले साडेतीनशे दिवस कपाटात पडून घड्याळाचे काय होते?

ऑटोमॅटिक घड्याळ काढून ठेवले की एक-दोन दिवसांत थांबते. त्यात तारीख व वार असेल तर प्रत्येक वेळी ते जुळवीत बसावे लागते. शिवाय ते जाड असते आणि महागही. म्हणून प्रसंगोपात्त वापरासाठी ते मला सर्वांत गैरसोयीचे वाटते. चावीचे घड्याळ थांबले तरी बिघडत नाही. समारंभाच्या सकाळी चावी देऊन वेळ लावली की काम झाले. मात्र आतले तेल न वापरताही सुकते, म्हणून चार-पाच वर्षांनी ते साफ करून घ्यावे लागते. क्वार्ट्झ घड्याळ कपाटातही चालू राहते आणि हवे तेव्हा तयार असते. परंतु त्याचा सेलही कपाटात संपत असतो. संपलेला सेल आतच राहिला तर तो पाझरतो आणि यंत्र खराब करतो. दुरुस्तीच्या दुकानांत मी जी बंद क्वार्ट्झ घड्याळे पाहिली, त्यांतील कित्येकांचे दुखणे हेच होते. यावर उपाय सोपा आहे. ठेवताना बाजूची चावी बाहेर ओढून ठेवावी, म्हणजे काटे थांबतात व सेल कमी खर्ची पडतो. आणि सेल संपला असे दिसताच तो काढून टाकावा.

तात्पर्य, नवीन घ्यायचे असेल तर तारीख नसलेले, दोन किंवा तीन काट्यांचे साधे क्वार्ट्झ घड्याळ सर्वांत स्वस्त व सोयीचे पडते.

आकार, रंग आणि पट्टा

समारंभाच्या घड्याळाचा पहिला गुण म्हणजे ते पातळ असावे. शर्टाच्या बाहीचे बटण लावल्यावर ते बाहीखाली सहज सरकले पाहिजे. जाडी आठ-नऊ मिलिमीटरच्या आत असली की हे साधते. टायटनने २००२ साली काढलेले 'एज' हे घड्याळ अवघे साडेतीन मिलिमीटर जाडीचे होते. ते विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे नाही, पण पातळपणाला किंमत का असते हे त्यावरून कळते.

गेल्या काही वर्षांत ४२-४४ मिलिमीटर व्यासाची घड्याळे पुष्कळ दिसतात. आपल्याकडच्या सडपातळ मनगटावर ती वाटीसारखी दिसतात. जुने 'जनता' साधारण ३५ मिलिमीटरचे होते आणि कोणत्याही हाताला शोभत असे. दुकानात घड्याळ हातावर ठेवून पाहावे. पट्टा जिथे अडकतो ती वरची व खालची टोके मनगटाच्या बाहेर जात असतील तर ते घड्याळ आपले नव्हे. पांढरी किंवा फिकट तबकडी, सरळ रेघांच्या खुणा आणि कमीत कमी मजकूर असलेले घड्याळ मुलाखतीच्या शर्टावर, झब्ब्यावर आणि कोटावरही चालते. विद्यार्थिनींनी बांगड्यांचाही विचार करावा. बांगड्यांशेजारी काच व कडा घासली जाते, म्हणून घड्याळाचा हात मोकळा ठेवणे चांगले. साडीवर लहान तबकडी आणि अरुंद पट्टा अधिक खुलतो.

सोनेरी की पांढरे, याचे उत्तर वापरावर आहे. रोज घातलेल्या घड्याळाचा सोनेरी मुलामा घामाने कडांवरून उडतो. वर्षातून दहा वेळा घालायच्या घड्याळाचा मुलामा पुष्कळ वर्षे टिकतो. तेव्हा ज्याला सोनेरी आवडते त्याने खुशाल घ्यावे.

पट्ट्याच्या बाबतीत आपल्या हवेकडे पाहिले पाहिजे. नांदेड-लातूरकडे लग्नसराई नेमकी चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात येते. चामड्याचा पट्टा शोभतो खरा, पण घाम पितो. घरी आल्यावर तो कोरड्या फडक्याने पुसून, रात्रभर मोकळ्या हवेत ठेवून मगच कपाटात टाकावा. नाहीतर पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. हळदीच्या कार्यक्रमात घड्याळ काढून ठेवावे, कारण चामड्यावरचा हळदीचा डाग निघत नाही. अत्तरही पट्ट्यापासून दूर लावावे. पाठीमागे '३० मीटर' असे लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ पाण्याचे शिंतोडे सोसते एवढाच. ते घालून गोदावरीत स्नान करू नये.

घरातले जुने घड्याळ

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांचे किंवा वडिलांचे एखादे एचएमटी बंद पडून असते. बाजारात जाण्यापूर्वी ते शोधावे असे मी सुचवीन. ते पातळ असते, लहान असते, साधे असते. म्हणजे समारंभाच्या घड्याळाचे सर्व गुण त्यात असतात. जुना कारागीर ते उघडून, धुऊन, तेल देऊन पुष्कळदा चालू करू शकतो. सुटे भाग बंद घड्याळांतून मिळतात. मात्र कारागिराला तबकडी बदलू नये किंवा नव्याने रंगवू नये, असे आधीच सांगावे. तिच्यावर पडलेला पिवळेपणा त्या घड्याळाचे वय आहे.

याउलट 'जुने एचएमटी, नव्यासारखे' म्हणून विकत मिळणाऱ्या घड्याळांबाबत सावध राहावे. एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याची केस आणि भडक रंगात नव्याने छापलेली तबकडी अशी जोडकामे बाजारात सर्रास आढळतात. अक्षरे जाड वा वाकडी, रंग चकचकीत आणि केस मात्र झिजलेली असेल, तर ते तसेच जोडकाम समजावे.

खर्चाचा हिशेब

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने किंमत केवळ चिठ्ठीवरून वाचू नये; एका वापराला किती खर्च पडतो ते काढावे. उदाहरणार्थ, घड्याळ १,८०० रुपयांचे धरू. दहा वर्षांत पाच सेल, प्रत्येकी १०० रुपये. म्हणजे ५०० रुपये. दोन पट्टे, प्रत्येकी ३०० रुपये. म्हणजे ६०० रुपये. एकूण २,९०० रुपये. वर्षाला बारा प्रसंग धरले तर दहा वर्षांत १२० वापर, म्हणजे एका प्रसंगाला सुमारे २४ रुपये. तेच घड्याळ १२,००० रुपयांचे घेतले तर नुसत्या किमतीपोटीच एका प्रसंगाला १०० रुपये पडतात. त्या दोन घड्याळांत मांडवातल्या माणसाला हातभर अंतरावरून फरक कळणार नाही. रोजच्या वस्तूवर जास्त खर्च करणे एक वेळ समर्थनीय ठरेल. क्वचित वापरायच्या वस्तूवर हात राखूनच खर्च करावा.

घड्याळ कोणाच्या पैशाने?

आता शेवटचा मुद्दा. जुन्या पिढीतील माणसांना विचारले तर सायकल, घड्याळ आणि रेडिओ हे तीन शब्द ते एका दमात उच्चारतात. लग्नाच्या बैठकीत जी यादी लिहिली जाई तीत हे तिन्ही असत. सायकलीची मोटारसायकल झाली, रेडिओ गेला. घड्याळ आणि अंगठी मात्र अजून यादीत आहेत. चांगले घड्याळ घेणे हा एके काळी कुटुंबाच्या दृष्टीने मोठा खर्च होता, म्हणून ते सासऱ्याकडून मिळावे अशी अपेक्षा रूढ झाली असेल. आज ती सबबही उरलेली नाही. वर मांडलेल्या हिशेबातले घड्याळ 'कमवा व शिका' योजनेत काम करणारा विद्यार्थीही काही महिने पैसे बाजूला टाकून घेऊ शकतो.

न मागता दिलेल्या भेटींना कायद्याने काही अटींवर सूट दिली आहे. मागणी करणे हा मात्र गुन्हा आहे. पण प्रश्न केवळ कायद्याचा नाही. एप्रिल २०१७ मध्ये आपल्याच लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने, लग्नाचा व हुंड्याचा भार वडिलांवर पडू नये म्हणून, स्वतःचे जीवन संपविले. ती बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. नापिकीच्या वर्षी लिहिलेल्या यादीतला प्रत्येक जिन्नस कुठल्या तरी शेतकऱ्याच्या कर्जाच्या खात्यावर चढतो. घड्याळ हा त्यातला सर्वांत लहान जिन्नस असेल. पण यादीची सुरुवात अशाच लहान जिनसांपासून होते, आणि 'एवढे तर चालतेच' हे वाक्य तेथेच प्रथम उच्चारले जाते.

म्हणून, मित्रहो, समारंभाचे घड्याळ निवडताना चार गोष्टी पाहाव्यात : ते पातळ असावे, साधे असावे, गावातल्या कारागिराला दुरुस्त करता यावे आणि आपल्या कमाईतून घेता यावे. पहिल्या तीन गोष्टींत थोडी तडजोड झाली तरी चालेल. चौथीत ती करू नये.