पाच पानांमागचं काम

विद्यापीठांत संशोधन निधीसाठीच्या प्राथमिक प्रस्तावाकडे 'आधी पाठवून तर देऊ, निवड झाली की बघू' अशा नजरेनं पाहिलं जातं. माझ्या मते बरेचसे अर्ज तिथेच बुडतात. तपशील नंतर मागणार आहेत, म्हणून विचारही नंतर केला तर चालेल, असा हा समज. प्रत्यक्षात छोट्या मसुद्याचा निकाल ज्यांच्या हाती असतो, ते अनेकदा आपल्या विषयातले नसतात. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या पहिल्या फेरीत समितीचे सदस्य पाच पानांचा सारांश आणि अर्जदाराची आजवरची कामगिरी एवढंच पाहतात. सविस्तर प्रस्ताव आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ दुसऱ्या फेरीत येतात. तेव्हा प्रश्न कोणता, तो अजून का सुटला नाही आणि तुमच्या हाती असं काय आहे की तो सुटेल, हे पहिल्याच पानावर हवं. आपल्याकडे ते पान 'आज जगभर या विषयाला महत्त्व आले आहे' यातच संपतं. महत्त्व आलं आहे हे समितीला ठाऊक असतं.

फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त असलेल्या अर्जावर एवढे श्रम कशाला, असं विचारलं जातं. आक्षेप अगदीच पोकळ नाही. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं जीवशास्त्राच्या दोन विभागांत 2012 मध्ये चार पानी प्राथमिक प्रस्ताव सक्तीचे केले, अर्जांचा भार हलका व्हावा म्हणून. काही वर्षांनी ती पायरी काढूनही टाकली. पण प्रश्न नेमका मांडण्याचे श्रम एका अर्जाबरोबर बुडत नाहीत; तीच मांडणी दुसऱ्या संस्थेकडे चालते. वाया जातं ते घाईनं भरलेलं अंदाजपत्रक. उपकरणाचं कोटेशन न मागवता टाकलेला आकडा पुढे बदलायचा झाला, तर सगळी योजनाच कच्ची वाटते. जीएसटी, देखभालीचा करार, खोली आणि वीज कोण देणार, हे आधीच विचारून घ्यावं.

मुदतीचंही तसंच. काही योजनांत एका संस्थेकडून ठरावीकच प्रस्ताव घेतले जातात. तिथे विद्यापीठातली अंतर्गत निवड हीच खरी अंतिम तारीख. संस्थाप्रमुखांची सही लागणार असेल, तर त्या दिवशी ते दौऱ्यावर असणारच, असं धरून चालावं.

पाठवण्यापूर्वी मसुदा शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. तुमचा प्रश्न त्यांना एका वाक्यात सांगता आला नाही, तर मुदत उद्याची असली तरी पहिलं पान पुन्हा लिहा.