तोरणमाळचा दम लेहला चालत नाही

मे महिना लागला की शहाद्यातल्या माझ्या दवाखान्यात चार-पाच मित्रांची टोळकी यायला लागतात. आजारी त्यातलं कुणीच नसतं. ट्रेक नेणाऱ्यांनी मागितलेल्या फिटनेस सर्टिफिकेटवर फक्त सही-शिक्का हवा असतो. कुणी मोटरसायकलवर लेहला निघालेला, कुणी हमता पासला, कुणी केदारनाथ करून पुढे आणखी कुठे. उंचीच्या त्रासाचा विषय मी काढला की त्यांच्यातला सगळ्यात दणकट गडी हसून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आम्ही सातपुड्यातली माणसं. दर रविवारी तोरणमाळचा घाट चढतो, दिवाळीला अस्तंभा करतो. आम्हाला काय होणार?"

या एका वाक्याने मी जेरीस आलो आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. यशवंत तलावाकाठची थंडी कडाक्याची असते, सीताखाईची खोली पाहून पोटात गोळाही येतो, पण हवा जवळपास आपल्या शहाद्याचीच. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे तुमच्या शरीराला विरळ हवा झेपते की नाही, हे कळेल अशी एकही जागा आपल्या राज्यात नाही. तोरणमाळ शंभरदा चढा. जी परीक्षा झालीच नाही तिच्यात तुम्ही पास झाला आहात, असं कसं मानायचं?

हवेत प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे सारखंच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे एका श्वासात फुफ्फुसात जाणारा प्राणवायू घटतो. समुद्रकाठी जेवढा मिळतो त्याच्या सुमारे ८७ टक्के तोरणमाळला मिळतो, लेहला (३५०० मीटर) साधारण ६५ टक्के, आणि खारदुंगलाच्या खिंडीत जेमतेम निम्मा. या टंचाईशी जमवून घ्यायला शरीराला काही दिवस लागतात. श्वासाची गती वाढते, मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकतात, झोपेतला श्वास हळूहळू ताळ्यावर येतो. रोज पाच किलोमीटर पळून तुमचं हृदय आणि मांड्या तयार होतात. हे जमवून घेणं पळण्याने शिकता येत नाही.

खात्री पटत नसेल तर आपल्या सैन्याचा अनुभव पाहा. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी भागातले जवान घाईने लडाखच्या उंचीवर नेले गेले. तरुण, निवडून घेतलेले, कवायतीत मुरलेले, आणि तरीही त्यांच्यातले कित्येक डोकेदुखी, उलट्या, फुफ्फुसात पाणी होणं यांनी आडवे झाले. सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांवरच्या निरीक्षणांचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरच्या डॉक्टरांना हा आजार कळला त्यात त्या कामाचा वाटा मोठा आहे. शिपायाचा दम पुरला नाही तिथे रविवारच्या घाटाचा पुरेल?

उलट माझा अनुभव असा की दणकट माणूसच जास्त अडचणीत येतो. तो भरभर वर जातो आणि त्रास झाला तरी बोलत नाही.

आमच्याच तालुक्यातला एक तरुण शिक्षक. चौघा मित्रांत सगळ्यात चपळ. मनालीहून मोटरसायकली निघाल्या. अटल बोगद्यामुळे आता रोहतांग चढावा लागत नाही, दुपारीच माणूस पलीकडे लाहौलमध्ये असतो. पहिली रात्र जिस्पाला, ३२०० मीटरवर. दुसरी थेट सरचूला, ४२९० मीटरवर. म्हणजे झोपायची उंची एका दिवसात हजार मीटरहून जास्त वाढली. दुपारपासून याचं डोकं ठणकत होतं. याने डोकेदुखीची गोळी घेतली, कापूर हुंगला आणि "ऊन लागलंय" म्हणून सांगितलं. रात्री उलट्या झाल्या. पहाटे तंबूबाहेर गेला तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात परतला, बुटाची नाडी बांधता येईना. बाकीचे म्हणाले, थंडी बाधली, झोपू दे. सुदैवाने चौथा मित्र, जो सगळ्यात जाडा आणि ज्याची वाटभर थट्टा झाली होती, त्याने हट्ट धरला. टॅक्सी केली, तंबूवाल्याकडचं ऑक्सिजन सिलिंडर घेतलं आणि त्याला केलाँगच्या दवाखान्यात आणलं. सरचूची गोम अशी की तिथून मागे फिरायचं तरी आधी सुमारे ४८९० मीटरची बारालाचा खिंड ओलांडावी लागते, खाली जायला आधी वर! त्याच्या मेंदूला सूज येऊ लागली होती. वाचला. आजही घाट पळतो. पण त्या जाड्या मित्राच्या जागी टोळीत दुसरं कुणी असतं, तर मी हे वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं.

आता घाबरून तिकिटं रद्द करू नका. वर गेल्यावर पहिल्या दिवशी थोडं डोकं दुखणं, भूक मंदावणं, झोप न लागणं हे बहुतेकांना होतं आणि त्याच उंचीवर थांबून आराम केला की एक-दोन दिवसांत जातं. डोकं दुखत असताना आणखी वर जाऊन झोपायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तर निम्मं संकट टळतं. डोकं उतरलं की खुशाल पुढे निघा.

जीव घेणारी लक्षणं मात्र वेगळी आहेत आणि ती मित्रांनी ओळखायची असतात, कारण रुग्णाची बुद्धी तेव्हा जागेवर नसते. बसल्या जागी धाप लागणं, आडवं झाल्यावर ती वाढणं, कोरडा खोकला, मग फेसाळ गुलाबी थुंकी, ओठ-नखं निळसर होणं ही फुफ्फुसात पाणी होत असल्याची खूण. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं, म्हणजे "आता सवय झाली" असं वाटू लागतं तेव्हा. दुसरं, चाल अडखळणं, असंबद्ध बोलणं, कशातच रस न उरणं. शंका आली तर जमिनीवर सरळ रेघ ओढा आणि टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. तोल गेला की चर्चा संपली. मिळेल तो ऑक्सिजन लावायचा आणि निदान तीनशे ते हजार मीटर खाली आणायचं. रात्र असो, बर्फ असो, सकाळची वाट पाहायची नाही.

कापराबद्दल. करोनाच्या लाटेत कापूर, लवंग आणि ओव्याची पोटली हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असा मेसेज घरोघरी फिरला. त्या पोटल्या आता पर्यटकांच्या खिशात लेहला निघाल्या आहेत. कापराने नाकात गारवा येतो आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. वर, लहान मुलाने कापूर गिळला तर झटके येतात, तेव्हा मुलं सोबत असतील तर ती पुडी घरच्या देवापाशीच ठेवा. तीच गत 'कोका ३०' च्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांची, लसणाच्या सूपाची आणि "दिवसाला सहा लिटर पाणी प्या, उंची लागत नाही" या सल्ल्याची. सूप प्या, चवीला छान असतं. पाणी तहानेपेक्षा थोडं जास्त प्या. औषध म्हणून नको. मेडिकलमध्ये मिळणारा ऑक्सिजनचा फवारा काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर वर चढू नका.

आणि निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या बोगस डॉक्टरकडे 'ताकदीची सलाईन' लावून घेणारे! पाचशे रुपये गेल्याचं मला दुःख नाही. आपल्याला आता काही होणार नाही, हा फुकटचा विश्वास बाटलीबरोबर शिरेत जातो, त्याची भीती वाटते.

खरं काम करणारं औषध एकच साधं आहे, अ‍ॅसिटाझोलामाइड, ज्याला तुम्ही डायमॉक्स म्हणता. एरवी निरोगी मोठ्या माणसाला अडीचशेची अर्धी गोळी सकाळ-संध्याकाळ, चढाईच्या आदल्या दिवसापासून, पुरते. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोड्याची चव बेचव लागते, त्याला घाबरायचं नाही. पण सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती स्वतःहून घ्यायची नाही, म्हणून आधी विचारा. डेक्सामेथासोनच्या गोळ्या खाऊन वर चढणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या आणीबाणीत खाली उतरवताना द्यायच्या. त्या घेऊन चढलात तर त्रास झाकला जातो आणि गोळी थांबली की उसळतो. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिले दोन दिवस बंद, "थंडीसाठी थोडीशी" सुद्धा.

ऑक्सिमीटर सोबत न्या, पण त्याला देव करू नका. लेहला पहिल्या दिवशी ८५-९० आकडा निरोग्यालाही दिसतो. त्या आकड्यासाठी मला रात्री दोनला फोन येतात आणि ज्याचा आकडा आहे तो स्वतः मॅगी खात असतो. आकडा सोबत्यांपेक्षा फार कमी आणि माणूसही मलूल, असं असेल तर मात्र फोन करायच्या आधी खाली निघा.

प्रवास आखतानाच सावध व्हा. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. विमानाने लेहला उतरलात तर दोन दिवस बाजारात फिरा, पँगाँग कुठे पळून जात नाही. रस्त्याने जायचं तर श्रीनगर-कारगिलची वाट मनालीच्या वाटेपेक्षा शरीराला सोसणारी आहे.

एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्यासाठी, आणि ती बाहेरच्या कुठल्याच ट्रेकवाल्याच्या फॉर्मवर मला दिसलेली नाही. नंदुरबारमधल्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलचा वाहक एरवी धडधाकट असतो, त्याला आयुष्यात कधी त्रास होत नाही. पण खूप उंचीवर, प्राणवायू कमी पडला की त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ येते आणि सगळे तिला गॅस समजतात. वाहकाने हिमालयात जाऊ नये असं मी म्हणत नाही, बहुतेक जण सुखरूप जाऊन येतात. आपण वाहक आहोत हे स्वतःला आणि सोबत्यांना ठाऊक मात्र हवं. प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असेल, तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय जायचंच नाही. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, २०२३ पासून तर देशभर त्याची मोहीम चालू आहे. धडगाव-तोरणमाळकडच्या पोरांनी आधी ती करून घ्यावी.

आणि मित्रमंडळींना एवढीच विनंती. ज्याला त्रास होईल त्याला "तू थांब, आम्ही वर जाऊन येतो" म्हणून तंबूत एकटं सोडू नका, आणि एकट्याला खालीही पाठवू नका. कुणीतरी एक जण त्याच्याबरोबर उतरणार, हे घरून निघतानाच ठरवा. त्याचे बुडालेले पैसे बाकीच्यांनी वाटून भरा.