केसपेपरवरची एक ओळ

नवऱ्याने मारलेल्या बाईवर दवाखान्यात उपचार होतात. टाके पडतात, प्लॅस्टर चढतं, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं. राहून जाते ती एक ओळ: हे कोणी आणि कशाने केलं. केसपेपरवर ‘घरात पडून मार’ एवढंच उरतं, आणि पुढे पोटगीच्या किंवा संरक्षणाच्या अर्जाला तोच कागद जोडायची वेळ आली की तो तिच्याच विरुद्ध बोलतो. ही ओळ लिहिणं पोलिसांचं किंवा वकिलाचं काम नाही, तो उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा. एक: ‘पडून मार, हाताला सूज.’ दुसरी: ‘नवऱ्याने काल रात्री काठीने मारल्याचे सांगते, वार अडवायला हात वर धरला, कोपराखाली करंगळीच्या बाजूचे हाड मोडले आहे, पाठीवर जुने पिवळट वळ.’ पडताना माणूस तळहात टेकवतो आणि बहुधा मनगट मोडतं. वार अडवताना मात्र करंगळीकडची बाजू पुढे येते. गळा दाबला असेल तर वरून कधी कधी काहीच दिसत नाही. आवाज बसलेला असतो, घोट गिळताना दुखतं, आणि आतली सूज काही तासांनी वाढून श्वास अडू शकतो. अशा बाईला ‘पडली’ म्हणून घरी धाडणं म्हणजे अर्धवट तपासणं.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘बाई स्वतःच पडले म्हणते, आम्ही काय करणार?’ पण हे ती कोणासमोर म्हणते? खाटेशी नवरा उभा असतो, नाहीतर सासू. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे 29 टक्क्यांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण 25 टक्के होतं. देशात हिंसा सोसलेल्या दर चौघींतल्या तिघींहून अधिक बायकांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितलं. माहेरीही न बोललेली बाई चारचौघांत अनोळखी डॉक्टरला सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून सोबतच्या माणसाला औषधं आणायला, एक्स-रेचे पैसे भरायला पाठवावं, पडदा ओढावा आणि सरळ विचारावं: ‘ताई, घरात कोणी मारलं का?’ ती तरीही नाही म्हणाली तर दामटून विचारू नये. दार उघडं ठेवावं. दिसेल त्या प्रत्येकीला विचारत सुटा, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही; जखम आणि सांगणं जुळत नसेल, तिथे विचारा म्हणते.

ओपीडीतली गर्दी खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण प्रश्नाला लागतं मिनिटभर; पुढचं काम समुपदेशकाचं. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000-01च्या सुमारास ‘दिलासा’ हे अशा बायकांसाठीचं समुपदेशन केंद्र सुरू केलं, तेव्हा रुग्णालयातल्याच सिस्टर आणि कर्मचाऱ्यांना त्यासाठी शिकवून तयार केलं. ते टिकलं, आणि पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेलं. ‘घर मोडेल’ हा आक्षेप मला सगळ्यात पोकळ वाटतो. हाड मोडेपर्यंत मार पडलेल्या घरात डॉक्टरच्या एका ओळीने नवं काय मोडणार? आणि ‘खोटी केस झाली तर?’ डॉक्टरला निवाडा करायचाच नाही. ती काय सांगते आणि अंगावर काय दिसतं, एवढंच लिहायचं. प्रामाणिक नोंद निर्दोष माणसाच्याही कामी येते.

आता बायकांसाठी. 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि त्याचे नियम सांगतात, की आधी तक्रार नोंदवलेली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत तुम्हाला फुकट द्यावी लागते. लग्न न करता नवरा-बायकोसारखं एकत्र राहणाऱ्या जोडीदाराने मारलं तरी हा कायदा लागू होतो. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद झाली, पोलिसांना कळवलं गेलं, तरी जबाब देण्याची जबरदस्ती होऊ देऊ नका. आज नको वाटलं तर तसं सांगा, पण खरं कारण मात्र केसपेपरवर लिहून घ्या. तारीख, वेळ, कशाने मारलं, याआधी कधी मारलं, पोटात बाळ असेल तर तेही. फिनेल किंवा उंदराचं औषध घेऊन दाखल झाल्या असाल, तर त्याआधी घरात काय घडलं हेही सांगा. रात्री-अपरात्री 181 हा महिला हेल्पलाइनचा किंवा 112 हा आपत्कालीन नंबर लावता येतो. कागद घरी नेणं धोक्याचं वाटत असेल तर बहिणीकडे, भरवशाच्या शेजारणीकडे ठेवा. तेही जमणार नसेल तर केसपेपरचा नंबर आणि तारीख पाठ करा. त्यावरून दवाखान्यातली नोंद नंतरही शोधून मागता येते.