जॅम बाहेर का येतो?

प्रश्न : दिवाळीआधी मैदा, रवा, डालडा, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाईचे डबे भरून आणायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. आता घरी ओव्हन आलाय आणि मुलींना जॅम बार हवे असतात : खाली बिस्किटासारखा थर, मध्ये घरचा पेरूचा जॅम, वर भुगा. व्हिडिओत सांगतात तसा जॅम १०५ अंशांपर्यंत आटवला, तर त्याचं रबर झालं. पुढच्या वेळी लवकर उतरवला, तर तो ओव्हनमध्ये उकळून कडेने बाहेर आला, डब्याला चिकटून जळला आणि खालचा थर ओलाच राहिला. नेमकं चुकतंय कुठे?
— एक वाचक, शिरूर

उत्तर : ओव्हनचा यात काही दोष नाही. दोन्ही वेळचा घोळ पातेल्यातच झालाय, आणि पहिल्या वेळचा तर तुमच्या गावाच्या उंचीमुळे.

१०५ अंश हा आकडा समुद्रकाठचा. तिथे पाणी १०० अंशांना उकळतं आणि जॅम त्याच्या साडेचार-पाच अंश वर गेला, की त्यातली साखर, म्हणजे फळाची आणि आपण घातलेली मिळून, ६५ टक्क्यांच्या घरात आलेली असते. शिरूर काय किंवा दौंड काय, दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहेत. साधारण दर तीनशे मीटरला पाणी एक अंश लवकर उकळतं. तुमच्या शेगडीवर ते ९८ च्या थोडं पुढे उकळणार आणि जॅम १०३ च्या आसपास तयार होणार. तुम्ही १०५ ची वाट पाहत बसलात, तोवर साखर सत्तरीच्या पुढे गेली. मग रबर होणारच. तेव्हा आकडा पाठ करू नका. आधी नुसतं पाणी खळखळ उकळवून त्यात थर्मामीटर धरा, जो आकडा दिसेल त्यात साडेचार मिळवा. थर्मामीटरच थोडा चुकीचा असेल, तर तोही हिशेब यातच भागतो. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधली गार बशी काढा, तिच्यावर अर्धा चमचा जॅम घाला, मिनिटभराने बोटाने सरकवा. वर सुरकुती पडली की गॅस बंद.

आता दुसऱ्या वेळचं. जॅम घट्ट होतो तो पेक्टिनमुळे. फळातल्या या तंतूंवर विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ठेवतात, शिवाय पाण्यात गुरफटलेले असतात. लिंबाचं आम्ल तो भार कमी करतं, साखर पाणी आपल्याकडे ओढते. मग तंतू एकमेकांना धरतात आणि त्यांचं जाळं होतं. जॅम लवकर उतरवला तर साखर कमी पडते, जाळं विरळ राहतं आणि मोकळं पाणी उरतं. ओव्हन १८० अंशांवर असला तरी हे पाणी शंभरीच्या आसपासच उकळायला लागतं. त्याचे बुडबुडे जॅमला कडेकडे ढकलतात, वाफ खालच्या थरात शिरते. कडेचा जॅम तापलेल्या पत्र्याला टेकला की त्यातली साखर जळते आणि मग तो डबा घासत बसायचं.

विकतच्या जॅमचं असं सहसा होत नाही, कारण आपल्याकडच्या नियमाप्रमाणे त्यात विद्राव्य घटक निदान ६५ टक्के असावे लागतात. कारखान्यात वरून पेक्टिन घालण्याचीही सोय असते. घरी ती सोय फळातूनच करायची, आणि त्यासाठी पेरू चांगला. फक्त पूर्ण पिकलेलेच पेरू घेऊ नका. फळ पिकत जातं तसं पेक्टिन कमी होतं, म्हणून चारात एक पेरू करकरीत असू द्या. सालीसकट शिजवून चाळणीतून गाळा. किलोभर गराला पाऊण किलो साखर आणि दोन-तीन लिंबांचा रस. घोड नदीपलीकडे श्रीगोंद्यात लिंबाच्या बागाच बागा आहेत, तेव्हा तुमच्या भागात याला कंजूषपणा करायचं कारण नाही. भांडं पसरट घ्या आणि आच मोठी ठेवा. मंद आचेवर दोन-दोन तास आटवत बसलं की पेक्टिनच तुटतं. मुरांब्याची सवय असलेल्या हाताला ही घाई जड जाते खरी.

शिरूरच्या बाजूला डाळिंबं भरपूर, म्हणून तेही विचाराल. डाळिंबाच्या रसात पेक्टिन नावालाच असतं. एकट्याचा जॅम जमवण्याच्या खटपटीत पडू नका. पेरूच्या गरात मिसळा, रंग सुरेख येतो.

बारचं प्रमाण सोपं : मैदा तीन भाग, लोणी दोन, पिठीसाखर एक. वीस सेंटिमीटरच्या चौकोनी डब्याला २२५ ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम लोणी, ७५ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. दोन तृतीयांश पीठ तळाशी दाबून बसवा, काट्याने टोचा आणि १८० अंशांवर फिकट बदामी होईपर्यंत, म्हणजे पंधरा-अठरा मिनिटं, नुसतं भाजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग जॅमला दोष देतात. भाजलेला थर निवला की त्यावर दोनशे ग्रॅम गार जॅम पसरा. कडेला बोटभर जागा सोडा. उरलेल्या पिठाचा भुगा वर टाकून आणखी पंचवीस मिनिटं भाजा. कापायचे मात्र पूर्ण गार झाल्यावरच, सकाळी केलेत तर संध्याकाळी. गरमागरम कापून मुलींच्या हातात दिलेत तर जॅम पुन्हा वाहणारच, त्याला कोणतंही शास्त्र आवरू शकत नाही.

हा पदार्थ व्हिडिओवाल्यांनी काल काढलेला नाही, हेही सांगतो. ऑस्ट्रियात लिंझ शहराच्या नावाचा, जॅमवर पिठाची जाळी टाकलेला टॉर्टे करतात. त्याची १६५३ सालची हस्तलिखित कृती उपलब्ध आहे. म्हणजे लाकडाच्या भट्टीत हे होत होतं. तेव्हा ओव्हन बिघडला किंवा पन्नास-साठ बार हवे असले, तर ट्रे घेऊन खुशाल नेहमीच्या बेकरीत जा. फक्त वेळ विचारून जा. पाव निघाल्यानंतर भट्टी उतरायला लागते, त्या आचेवर बार ठेवायचे. पावाच्या आचेत ठेवलेत तर भुगा करपेल आणि तळ कच्चा राहील.

प्रश्न : आम्ही दौंड तालुक्यातले. खोरचे अंजीर घरात येतात, गुऱ्हाळ जवळ असल्याने गूळही ताजा मिळतो. हेच बार अंजीर आणि गूळ वापरून होतील का? आणि सीताफळाचा जॅम?
— एक वाचक, दौंड

उत्तर : सीताफळाचं आधी निकालात काढू. त्याचा गर तापवला की कडवट होतो. ते रबडीत घाला, आइस्क्रीममध्ये घाला, जॅमच्या पातेल्यात नको.

अंजीर मात्र बारसाठी पेरूपेक्षाही सरस, असं माझं मत आहे. अंजिरात आम्ल फार कमी, त्यामुळे वर सांगितलेलं जाळं नीट जमत नाही. पण इथे जाळ्याची गरजच नसते. गर आणि बिया मिळूनच इतका दाट लगदा होतो की पाणी त्यातच धरलं जातं. अमेरिकेत १८९१ पासून विकलं जाणारं ‘फिग न्यूटन’ हे बिस्किट अशाच लगद्यावर उभं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावाचं नाव त्याला मिळालं. सफरचंदवाल्या न्यूटनचा त्यात काही हात नाही.

गुळाचीही इथे अडचण नाही. पेरूच्या जॅमला मी तो सुचवणार नाही, कारण गूळ करताना रस निवळायला चुना वापरतात, त्याने आम्ल मारलं जातं आणि जॅम धरत नाही. अंजिराला ही बाधा नाही. किलोभर अंजिरं चिरून पाव वाटी पाण्यात मऊ करा, साडेतीनशे-चारशे ग्रॅम चिरलेला गूळ घाला आणि कालथा फिरवल्यावर पातेल्याचा तळ क्षणभर उघडा राहील इथपर्यंत आटवा. दोन लिंबांचा रस शेवटी. चवीला तो लागतोच, नाहीतर नुसता गोडमिट्ट प्रकार होतो. उन्हाळ्यातल्या मीठा बहाराची फळं अधिक गोड, तेव्हा गूळ आणखी थोडा कमी चालेल. खालच्या थरात निम्मी कणीक घातलीत तर गुळाशी चांगली जमते.

एक मात्र ध्यानात ठेवा. गूळ हवेतली ओल ओढतो. हे बार दुसऱ्या दिवसापासून मऊ पडायला लागतात, पावसाळ्यात तर त्याआधीच. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. आणि गुळाचाच पण आंबटगोड, सुरी लावली की स्वच्छ कापला जाणारा जॅम हवा असेल, तर महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात कवठं येतात, ती घ्या. कवठात आम्ल आणि पेक्टिन दोन्ही इतकं असतं की गुळातला चुना पचवूनही ते धरतं.