अळी एक, नावे अनेक : कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ज्ञानाची मध्यस्तरीय मांडणी

हरभऱ्यावरील घाटेअळी, कपाशीवरील हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोची फळे पोखरणारी अळी ही तीन नावे असली, तरी कीड एकच आहे : हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. याउलट ‘लष्करी अळी’ हे एकच नाव मक्यावरील स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा आणि भातावरील मिथिम्ना सेपरेटा या भिन्न किडींना दिले जाते. अनुभवी शेतकऱ्यास हा भेद संदर्भाने उमगतो. संगणकास तो स्पष्टपणे सांगावा लागतो.

संकल्पना व त्यांचे परस्परसंबंध यांची संगणकास वाचता येईल अशी काटेकोर मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी. तिचे साधारणतः तीन स्तर मानले जातात.

१. वरचा स्तर : वस्तू, गुणधर्म, प्रक्रिया असे सर्वव्यापी भेद. या स्तरावरील बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजीला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

२. मध्यस्तर : कर्ता, घटना, स्थळ, काळ, मोजमाप यांसारख्या अनेक विषयांना समान असलेल्या संकल्पना. कॉमन कोअर ऑन्टॉलॉजीज हे याचे उदाहरण.

३. खालचा स्तर : एकेका विषयाचे तपशील, उदा. कपाशीवरील किडी.

मध्यस्तर नसल्यास कपाशी व हरभरा यांच्या याद्या परस्परांशी जुळत नाहीत. ‘अळी’ ही कीटकाची अवस्था, ‘पोखरणे’ ही प्रक्रिया, ‘छिद्र’ हे लक्षण आणि ‘फवारणी’ ही कृती, हे एकदा निश्चित झाले की दोन्ही पिकांतील नोंदी एकाच चौकटीत बसतात. कामगंध सापळ्यातील पतंग आणि घाट्यातील अळी या एकाच किडीच्या दोन अवस्था आहेत, हेही संगणकास कळते.

याचे महत्त्व तुरीच्या पिकात विशेष जाणवते. तुरीच्या शेंगा हेलिकोव्हर्पा पोखरते, तशीच मारुका व्हिट्राटाही पोखरते. एचएएनपीव्ही हा विषाणू मात्र हेलिकोव्हर्पावरच उपयुक्त ठरतो. ‘शेंगा पोखरणारी अळी’ एवढ्याच शब्दावर विसंबणारी सल्लाप्रणाली मारुकासाठीही तोच विषाणू सुचवू शकते. खर्च होतो, वेळ जातो आणि नुकसान सुरूच राहते. ‘फुले व शेंगा जाळीने एकत्र गुंडाळलेल्या’ हे लक्षण मारुकाशी आणि विषाणू त्याच्या यजमान किडीशी जोडलेला असल्यास अशी चूक टाळता येते.

तथापि, मांडणी कितीही नेटकी असली तरी मूळ नोंद मोघम असल्यास तिचा उपयोग होत नाही. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी ‘अळी आढळली’ एवढेच न लिहिता पीक, पिकाची अवस्था, बाधित भाग, किडीची अवस्था, दिसणारे लक्षण व किडींची संख्या स्वतंत्रपणे नोंदवावी. स्थानिक नाव अवश्य लिहावे; शास्त्रीय नाव मात्र खात्रीशीर ओळख पटल्यावरच त्यास जोडावे.