मीठ, साखर आणि आतड्याचे दार

पावसाळा आला की पिण्याचे पाणी गढूळ होते आणि घरोघरी जुलाब-उलट्या सुरू होतात. अशा वेळी सरकारी दवाखान्यात गेलात, तर तुमच्या हातात एक लहानशी पुडी देतात. तिच्यावर 'ओआरएस' असे लिहिलेले असते. मराठीत तिला 'जलसंजीवनी' असे सुंदर नाव आहे. त्या पुडीत मुख्यतः दोनच गोष्टी असतात : मीठ आणि ग्लुकोज नावाची साखर. तुम्ही म्हणाल, "एवढेच ना? मीठ-साखर तर आमच्या स्वयंपाकघरातही आहे!" खरे आहे. पण ही दोन्ही एकत्र का द्यायची, हे कळेपर्यंत जगात लाखो माणसे दगावली.

आपण घरी ज्या रोगाला हैजा म्हणतो, त्याला मराठीत पटकी किंवा कॉलरा म्हणतात. या रोगात काही तासांतच शरीरातील पाणी आणि क्षार जुलाबावाटे निघून जातात. डोळे खोल जातात, कातडी सुरकुतते, नाडी हाताला लागत नाही. रोगी मरतो तो अंगातील पाणी संपल्यामुळे.

मग त्याला पाणी का पाजू नये? लोक पाजतच होते. पण साधे पाणी असो की नुसत्या मिठाचे, ते अंगात टिकत नसे. म्हणून शिरेतून सलाईन देत. त्यासाठी निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, सुई टोचणारा शिकलेला माणूस हवा. खेड्यापाड्यांत हे सारे कुठून आणायचे?

या कोड्याचा एक धागा कोलकात्यात सापडला. डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू वाढवलेला द्रव घेतला आणि त्यातील जंतू काढून टाकले. उरलेला द्रव त्यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला. जंतू नसतानाही तो भाग पाण्याने फुगला! म्हणजे खरा गुन्हेगार होता जंतूंनी सोडलेला विषारी पदार्थ. हे संशोधन १९५९ साली प्रसिद्ध झाले. पुढे असेही दिसून आले, की या विषामुळे आतड्याचे अस्तर फाटत नाही. ते शाबूत असते, फक्त पाणी बाहेर टाकत राहते.

दुसरा धागा मात्र पटकीशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती होता. रॉबर्ट क्रेन हे अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ. खाल्लेली साखर आतड्यातून शरीरात कशी शिरते, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यासाठी ते हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या आतड्यावर प्रयोग करत. (हे सांगितले की वर्गात कोणीतरी विचारतेच, "उंदराच्या आतड्यात साखर कशी जाते हे कळून कोणाचे भले होणार?" प्रश्न चांगला आहे. थोडे थांबा.) १९६० साली प्राग शहरातील एका परिषदेत क्रेन यांनी आपले उत्तर मांडले. आतड्याच्या पेशीला जणू एक खास दार असते. मिठातील सोडियम आणि ग्लुकोज हे दोघे जोडीने आले, तरच ते दोघांना आत घेते. एकट्याला तेथे प्रवेश नाही. आणि जोडी आत गेली की तिच्यामागोमाग पाणीही आत जाते.

आता दोन्ही धागे जोडून पाहा. पटकीचे विष पाणी बाहेर ओतायला लावते, पण हे जोडीचे दार ते बंद करू शकत नाही. म्हणजे मीठ आणि साखर योग्य प्रमाणात मिसळून दिले, तर तोंडावाटे घेतलेले पाणीही शरीरात जाईल!

कोलकात्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच रोग्यांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजले होते आणि ते छापूनही आले होते. पण ते पाणी अंगात का टिकते, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. जगाने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मला ही गोष्ट फार चुटपुट लावते.

१९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी पटकीच्या रोग्यांवर हा उपाय करून पाहिला. सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. तरीही अनेक जाणकार मान हलवत राहिले. दवाखान्यात नर्स, डॉक्टर असतात. बाहेर हे कसे जमणार?

त्याचे उत्तर १९७१ साली मिळाले. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. दवाखान्यात खाटा नव्हत्या, रोगी जमिनीवर पडलेले. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या कोलकात्यात तयार करून घेतल्या. पाण्याच्या पिंपांत त्या मिसळल्या आणि रोग्यांच्या आया, भाऊ, नातेवाईक यांच्या हातांत पेले दिले. पूर्वी शंभरांतले तीसएक रोगी दगावत. ज्यांना हे पाणी मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. डॉ. महालनोबीस २०२२ साली वारले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण २०२३ साली जाहीर झाले.

आता त्या पुडीविषयी. तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पुडी एकदम मिसळा. पुडी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. अंदाजाने घालू नका. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात आणि जास्त मीठ लहान मुलाला घातक ठरते. हे पाणी घोटघोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्या. मूल सुस्त पडले, त्याला पिता येईना किंवा जुलाबात रक्त दिसले, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

आणखी एक. हे पाणी दिल्यावर जुलाब लगेच थांबत नाहीत. घरातले म्हणतील, "गुण येत नाही, बंद करा." तेव्हा त्यांना त्या दाराची गोष्ट सांगा आणि पुढचा पेला भरा.